समोरचा नापास होत नाही

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘अध्यापनाच्या प्रवासातल्या काही हृद्य आठवणी पाठवा.’ हृद्य आठवणी माझ्याकडेही आहेत. पण त्या लिहायला बसलं की मधेच एक वेगळीच आठवण येऊन ठाण मांडते आणि मग पुढचं सगळं दातओठ खातच लिहिलं जातं. निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या काळात राग निवेल असं वाटलं होतं. निवला नाही. तेव्हा यंदा तोच लिहून टाकते.

लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना जनसंवाद शिकवायची. तळेगावहून सकाळची लोकल पकडायची, संध्याकाळी परत. हा विषय लोकांना सांगताना माझी निम्मी हयात गेली. गणित शिकवते म्हटलं की लोक आदराने गप्प होतात. जनसंवाद म्हटलं की विचारतात, ‘म्हणजे तुमची मुलं टीव्हीवर दिसणार का?’ आमचे एक लांबचे काका तर दरवर्षी गणपतीत न चुकता विचारायचे, ‘बोलायला काय शिकायचंय गं त्यात? ते तर प्रत्येकाला येतं.’

बोलता सगळ्यांना येतं, हे खरंच आहे. बोललेलं पोचतं का, हा आमचा विषय. बातमी असो, जाहिरात असो, सरकारी पत्रक असो, नाहीतर आईने शेजारणीकडे पाठवलेला निरोप असो. इकडून निघालेली गोष्ट तिकडे काय होऊन उतरते, हे तीन वर्षं बघायचं. पुस्तकात याच्या आकृत्या आहेत, चौकोन आणि बाण. त्या मी फळ्यावर काढायची, कारण परीक्षेत विचारतात. पण खरा अभ्यास मी एका दोनशे पानी वहीत घ्यायची. त्याला आमच्या विभागात ‘परतसांगणी’ म्हणत. हा शब्द कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. पहिल्याच तुकडीतल्या एका मुलाने तो केला आणि तो टिकला.

परतसांगणी अशी. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने एक साधी सूचना घ्यायची. एका अनोळखी माणसाला गाठून ती सांगायची. वहीच्या डाव्या पानावर आपण काय सांगितलं ते शब्दशः लिहायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे परत जायचं आणि विचारायचं, ‘काल मी तुम्हाला काय सांगितलं होतं?’ तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उजव्या पानावर. दोन पानं जुळली नाहीत तर विद्यार्थी नापास. समोरचा घाईत होता, म्हातारा होता, कमी शिकलेला होता, असली कोणतीही सबब चालायची नाही. वर्गात मागच्या भिंतीवर मी स्वतः खडूने लिहून ठेवलं होतं : समोरचा नापास होत नाही, सांगणारा होतो. ते वाक्य शिपाईदेखील पुसायचा नाही.

यातून मजा फार व्हायच्या. एकदा भुशी धरणाच्या पाण्याजवळ लावायला एका मंडळाला फलक करून हवा होता. त्यांचा मसुदा तयार होता : ‘सदर ठिकाणी जलाशयात उतरण्यास सक्त मनाई असून उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ मी म्हटलं, आधी पुठ्ठ्यावर रंगवू, एक रविवार लावू आणि परतसांगणी करू. मुलं कणसं खाणाऱ्या पर्यटकांना गाठून विचारत सुटली. एका गृहस्थांनी त्या फलकासमोर सहकुटुंब फोटो काढला होता. त्यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘गाव का नाम लिखा होगा.’ एका बाईंनी त्यावर ओली ओढणी वाळत घातली होती. दुसऱ्या रविवारी मुलांनी स्वतः लिहून आणलं : ‘दगडाला शेवाळ आहे. पाय सटकतो. पोहता येणाऱ्याचाही सटकतो.’ तो फलक लोक थांबून वाचत होते आणि एकमेकांचा हात धरत होते. मंडळाला मात्र ही भाषा पोरकट वाटली. त्यांनी आपला ‘सदर ठिकाणी’च पक्क्या रंगात करून घेतला. माझी चिडचिड त्या दिवसापासूनची आहे, असं घरचे म्हणतात.

अंकिता खांडभोर आमच्याकडे आली ती वडिवळ्याहून. घरची भातशेती. थोरला भाऊ भुशीकडे पर्यटकांची जीप चालवायचा. ही बारकीशी, दोन घट्ट वेण्या घालणारी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. पहिल्या परतसांगणीला तिला सूचना मिळाली होती : ‘गुरुवारी शाळेत आरोग्य तपासणी शिबिर आहे. आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे.’ तिने कान्हे स्टेशनवर पुण्याला भाजी नेणाऱ्या एका बाईंना ती सांगितली. दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर उतरलं : ‘गुरवारी शाळंत डागतर येनारेत. पन ज्याच्याकडं कागद न्हाईत त्यानं जाऊ ने.’

मी नापास केलं. अंकिता तणतणत आली. “मॅडम, असं मी म्हटलंच न्हाई. ती बाईच चुकली.”

मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी टेबलाशी येऊन म्हणाली, “मॅडम, ती बाई चुकली नव्हती. आमच्याकडं कुठल्याही हापिसात गेलं की एक कागद कमी पडतो आणि परत पाठवतात. मग कागद म्हटलं की आमाला ‘येऊ नका’ असंच ऐकू येतं.”

चोवीस वर्षांत मला मिळालेलं ते सर्वांत चांगलं उत्तर. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा असतो. ऐंशी-नव्वद पानं लिहायची, बांधून आणायची आणि विद्यापीठाने पाठवलेल्या बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यावर तोंडी परीक्षा द्यायची. त्याच्याशिवाय पदवी नाही. बाकीची मुलं सिनेमाच्या जाहिराती, क्रिकेटच्या बातम्या असले विषय घेत. अंकिताने घेतला : ‘आमच्या गावात निरोप कसा पोचतो’. गावातल्या एकेका घरी जाऊन तिने विचारलं होतं की मागच्या महिन्यातल्या चार सूचना तुमच्यापर्यंत कुणाकडून आल्या. लाइट जाणार होती ती, रेशन आलं होतं ते, गुरांच्या लसीचं आणि ग्रामसभेचं. निष्कर्ष मोठा गमतीचा निघाला. सकाळी दूध गोळा करायला येणाऱ्या माणसाला सांगितलेलं गावभर आणि जसंच्या तसं पोचत होतं. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेलं सर्वांत कमी पोचत होतं. कारणही तिने लिहिलं होतं. डोंगराआड रेंज येत नाही हे एक; दुसरं म्हणजे बहुतेक घरांत फोन एकच आणि तो कामाला बाहेर पडणाऱ्या पुरुषाच्या खिशात. ‘उदाहरणार्थ’, असं म्हणून तिने पुढे लिहिलं होतं, ‘संशोधिकेच्या स्वतःच्या घरातील फोन सकाळी सातपासून थोरल्या भावाकडे असतो. संशोधिकेच्या नावाने आलेले संदेश तोच उघडतो व पुष्कळदा सांगायचे विसरतो.’

हा कच्चा खर्डा मी जानेवारीत वाचला होता. या वाक्याच्या समासात लाल शाईने मी लिहिलं होतं, ‘उत्तम! स्वतःचं उदाहरण देण्याचं धाडस.’ वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही.

त्या वर्षी अंकिताची निवड पुण्यातल्या एका छोट्या वार्तापत्राने शिकाऊ वार्ताहर म्हणून केली होती. तिचा प्रकल्प त्यांनी चाळला होता आणि त्यांना खेड्यापाड्यांत फिरणारं माणूस हवं होतं. अट एकच, जूनच्या निकालात पास झाल्याचा कागद आणायचा. आमच्या विभागातून, आमच्याकडे त्यासाठी शिकून, खरोखर बातमीदार होणारी ती त्या वर्षातली एकटीच. बाकीच्यांना बँका आणि मॉल मिळाले. तिचा आनंद तोंडावर मावत नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

तोंडी परीक्षा एका बुधवारी ठरली होती. वर्ग संपले होते, मुलं घरी बसून लिहीत होती. अशात बाहेरच्या परीक्षकांचा प्राचार्यांना फोन आला. त्यांना तो बुधवार जमत नव्हता. त्याऐवजी आधीच्या शनिवारी जमत होतं, कारण त्या शनिवार-रविवारी ते तसेही सहकुटुंब लोणावळ्यात मुक्कामाला येणार होते. परीक्षा सकाळी उरकली की दुपारपासून ते मोकळे. मुलांचं तीन वर्षांचं काम एका कुटुंबाच्या सहलीत बसवायचं होतं आणि प्राचार्यांनी ते आनंदाने बसवलं. मला गुरुवारी चार वाजता बोलावून सांगितलं, “मॅडम, तेवढं मुलांना कळवून टाका.”

माझी पावणेपाचची लोकल होती. जिन्यावर उभं राहून मी मोबाइलवर टाइप केलं : ‘तृतीय वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की काही अपरिहार्य कारणास्तव तोंडी परीक्षा दि. अमुक ऐवजी येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता घेण्यात येईल. अनुपस्थित राहिल्यास विभाग जबाबदार राहणार नाही. आदेशावरून.’ सदर ठिकाणीवाल्या मंडळाला हसणारी मी. जन्मभर मुलांच्या वह्यांतून खोडलेला एकूण एक शब्द मी त्या चार ओळींत वापरला, ग्रुपवर टाकला आणि गाडी पकडली. वर्गात अकरा मुलं होती. फक्त अकरा. गाडीत बसल्यावर तळेगाव यायच्या आत अकरा फोन करून झाले असते.

शनिवारी दहा जण आले. परीक्षक गॉगल डोक्यावर चढवून आले होते. अंकिताचा पत्ता नव्हता. मी एकदा फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आणि आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, ‘ठरलं असेल लग्न.’ खेड्यातली मुलगी, एप्रिलचा महिना, अचानक गैरहजर. जिचा मला एवढा अभिमान, तिच्याबद्दल पहिला विचार मला हा सुचला, आणि तो इतका सोयीचा होता की दुसरा फोन मी लावलाच नाही. हजेरीपत्रकावर तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहिलं. परीक्षकांनी सही केली. दहा मुलं त्यांनी पावणेदोन तासांत संपवली.

बुधवारी सकाळी मी विभागात कपाट आवरत होते. दारात अंकिता उभी. अंगावर धुवट पंजाबी ड्रेस, वेण्यांना नव्या रिबिनी, छातीशी काळ्या कापडात बांधलेला प्रकल्प आणि मागे तिची आई. मावशींना मी पहिल्यांदाच बघत होते. हातात पिशवी, त्यात आमच्यासाठी घरचा इंद्रायणी तांदूळ. मुलीची शेवटची परीक्षा म्हणून त्या मुद्दाम बरोबर आल्या होत्या.

“बाकीचे कुठंयत मॅडम?” अंकिताने विचारलं. “मी लवकर आले का?”

मी सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा तिने प्रकल्प टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिच्या भावाने तो ग्रुप गुरुवारी उघडला होता, हे नंतर कळलं. भुशीच्या चढावर गिऱ्हाईक जीपमध्ये बसत होतं, याने वरवर बघून फोन खिशात टाकला. ‘कळविण्यात येते’ म्हणजे फीची आठवण असेल, असं त्याला वाटलं.

मावशींनी मला एवढंच विचारलं, “मंग तवाच का न्हाई कळिवलं, आली न्हाई म्हून?”

आणि मी, जनसंवादाची विभागप्रमुख, पटकन बोलून गेले, “मावशी, मला वाटलं हिचं लग्न-बिग्न ठरलं की काय.”

त्यांचा चेहरा असा झाला की अजून तो माझ्यासमोर येतो. “लगीन? कोन म्हनलं? पोरगी शिकावी म्हून तिचा बाप दोन वरीस भावकीची बोलनी खातोय. आमी न्हाई तिचं लगीन काढलं. तुमी काढलं व्हय?”

पुढचा आठवडा मी प्राचार्यांच्या खोलीत काढला. म्हटलं, पुन्हा तोंडी घ्या, एका मुलीचा प्रश्न आहे, परीक्षकांना अर्धा तास लागेल. ते म्हणाले, नियम. म्हटलं, तारीख बदलण्याच्या वेळी नियम कुठे होता? ते म्हणाले, बदलल्याची सूचना दिली होती ना? आणि मग त्यांनी परीक्षा विभागातल्या कारकुनाला बोलावलं. घोलप त्याचं नाव. त्याने माझाच मोबाइल मागून घेऊन त्यात माझा संदेश काढला, त्यावर बोट दाबून धरलं आणि कोणी कोणी वाचला त्याची यादी उघडली. अंकिता खांडभोर, गुरुवार, पाच वाजून बारा मिनिटं. पुढे दोन निळ्या खुणा. त्याचा छापील कागद काढून प्राचार्यांनी माझ्यापुढे सरकवला, फाशीचा पुरावा सापडावा तसा.

“हे घ्या. तिने वाचलंय. आता ती म्हणते कळलं नाही. आपण काय घरोघर दवंडी पिटायची?”

मी म्हटलं, “हो. अकराच घरं होती.”

“मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

या वाक्याचा मला आजही संताप येतो. कॉलेजच्या दारावर जनसंवाद विभागाची पाटी. माहितीपत्रकात पहिल्या पानावर ‘संवादाचे नवे क्षितिज’. आणि आत चाललंय काय, तर एक मुलगी समोर उभी राहून सांगते आहे की मला कळलं नाही, आणि तिच्याकडे न बघता चार शिकलेली माणसं दोन निळ्या खुणांकडे बघतायत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जिवंत माणसाच्या तोंडापेक्षा फोनवरच्या खुणेवर ज्यांचा विश्वास, त्यांनी संवादाचं दुकान तरी मांडू नये.

दोन दिवसांनी घोलप एक टाइप केलेला कागद घेऊन आला. ‘सदर विद्यार्थिनीस परीक्षेच्या बदललेल्या तारखेची सूचना विभागामार्फत योग्य वेळी देण्यात आली होती.’ खाली विभागप्रमुखाच्या सहीची जागा. कॉलेजची तपासणी तोंडावर होती, फाइल स्वच्छ हवी होती. घोलप माणूस वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, “मॅडम, महिन्याभरात तुमची निवृत्ती. तुमचे कागद याच टेबलावरून जायचेत. कशाला वाकडं घेता? पोरगी ऑक्टोबरला देईल की.”

मी सही केली. केली म्हणजे केली. कुणी हात धरला नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्यानंतर पाच दिवसांनी मी दुसरं पत्र लिहून ती सही मागे घेतली. त्यात लिहिलं : ‘सूचना मी पाठवली होती, ती पोचली नव्हती. ती पोचणार नाही हे विद्यार्थिनीने मला जानेवारीतच लेखी कळवलं होतं आणि ते मी वाचलं होतं. चूक माझी.’ सोबत समासातल्या लाल ‘उत्तम!’सकट त्या पानाची प्रत जोडली. पत्र विद्यापीठापर्यंत गेलं, तिथून परत आलं, एका समितीपुढे गेलं आणि ऑक्टोबरच्या पुरवणी परीक्षेत अंकिताची तोंडी झाली. वेगळे परीक्षक होते. तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. तोवर वार्तापत्राने दुसरा मुलगा घेतला होता. ती आता कामशेतला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, लोकांचे अर्ज भरून देते आणि पुन्हा कुठे जागा निघते का बघते. माझे निवृत्तीचे कागद सात महिने लांबले, ते आपलं असंच. निरोपसमारंभात प्राचार्य मला ‘संवादाच्या उपासक’ म्हणाले. अंकिता त्याला नव्हती. तिला बोलावलं का म्हणून विचारलं तर घोलप म्हणाला, “ग्रुपवर टाकलं होतं मॅडम.”

सांगायचं राहिलं ते एवढंच, की ते दुसरं पत्र मी कशामुळे लिहिलं. विवेकबुद्धी जागी झाली वगैरे काही झालं नव्हतं.

सही केल्यावर मला घरात चैन पडेना. तिसऱ्या दिवशी कामशेतला उतरले, रिक्षा केली आणि वडिवळ्याला गेले. ओटीवर अंकिता आणि मावशी तांदूळ निवडत होत्या. मावशींनी पाट दिला, पाणी दिलं. मी बोलायला लागले. पाऊण तास बोलले. परीक्षकांची सहल सांगितली, नियम सांगितला, तपासणी, प्राचार्यांचा स्वभाव, माझी निवृत्ती, पावणेपाचची लोकल, रेंज, निळ्या खुणा, घोलपने आणलेला कागद, सगळं सांगितलं. किती वाईट वाटतंय तेही सांगितलं. शिकवायची सवय असलेल्या माणसाला बोलणं अवघड नसतं. मावशी मधूनमधून ‘व्हय’, ‘आसं का’ म्हणत होत्या. अंकिता सुपातून मान वर काढत नव्हती. उठताना मला बरंच हलकं वाटलं. आपण समजावून सांगितलं आणि त्यांनी समजून घेतलं, अशी माझी खात्री झाली.

कुंपणापर्यंत अंकिता सोडायला आली. तिथे पहिल्यांदा बोलली. “मॅडम, उद्या याल?”

“उद्या? कशाला गं?”

“परतसांगणीला.”

मला हसू आलं, मग आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिने पहिल्या वर्षाचीच ती दोनशे पानी वही काढून ठेवली होती. डाव्या पानावर, आदल्या दिवशी मी पाऊण तास जे बोलले होते ते तिने आठवून आठवून, तारखांसकट लिहून काढलं होतं. पान संपून खाली बारीक अक्षरात गेलं होतं, आणि त्यातून एकही मुद्दा सुटला नव्हता. बातमीदार व्हायची होती ना ती. उजवं पान कोरं होतं. तिने वही उघडी ठेवली, पेन माझ्या हातात दिलं आणि आईकडे बघून म्हणाली, “आई, मॅडम काल आपल्याला काय सांगून गेल्या?”

मावशींनी पदराला हात पुसले. आठवायला त्यांना वेळ लागला नाही.

“त्या म्हनल्या, सही मीच केली.”

मावशी माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, पुढचं काय ते तुम्हीच बघा अशा नजरेने. मी विचारलं, “आणि मावशी, बाकीचं?”

“बाकीचं काय न्हाई. येवडंच सांगितलंत तुमी.”

मी ते उजव्या पानावर लिहून घेतलं.